विधायकजी घरात आहेत

आमच्या घरमालकांना, म्हणजे दादांना, रस्त्यात कोणी ‘विधायकजी, नमस्ते’ म्हटलं की ते उलट नमस्कार करायचे नाहीत. ‘घर पर हैं,’ एवढंच सांगायचे आणि पुढे चालू लागायचे. हेच कोणी घराच्या फाटकाशी येऊन म्हटलं, तर आत तोंड करून हाक मारायचे, ‘वहिनी, तुमच्याकडे कोणी आलं जी!’ मग त्यांच्या वहिनी पदराला हात पुसत बाहेर यायच्या, आलेल्याला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि काम विचारायच्या. कोणाचं रेशनकार्ड अडलेलं असायचं, कोणाच्या पोराचा दाखला, कोणाच्या गल्लीतला नळ. आलेला माणूस बिचारा वहिनींना सगळं सांगता सांगता डोळ्यांनी दादांना शोधत राहायचा. दादा तेव्हा पाठ फिरवून जास्वंदीला पाणी घालत असायचे.

मध्य प्रदेशात आमदाराला विधायक म्हणतात आणि आमचे दादा एके काळी खरोखरच विधायक होते. जबलपुरात माणूस एकदा विधायक झाला की मरेपर्यंत विधायकच राहतो, मग नंतर त्याला स्वतःच्या घरातली मतं पडोत न पडोत. दादा मात्र त्या शब्दाला विंचू अंगावर पडावा तसे झटकायचे. दादांनी लग्न केलेलं नव्हतं, घरात ते आणि वहिनी दोघंच. वहिनींना आमचा सगळा मदन महल मोहल्ला वहिनीच म्हणायचा, मीही म्हणायला लागले, आणि त्यांना विधायक म्हणणारे अख्ख्या शहरात एकटे दादा होते.

मला आधी ती थट्टा वाटायची. अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला जबलपूरचं सगळंच थट्टेसारखं वाटायचं. मराठी माणसं हिंदीत भांडत होती आणि हिंदी माणसं ‘पूरणपोली’ मागून खात होती. आमचे हे टेलिफोन खात्यात. यांच्या नोकरीमुळे आम्ही दादांच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेलो, तो प्रसंग अजून आठवतो. यांनी भाडं विचारलं, पाणी विचारलं, स्कूटर कुठे लावायची ते विचारलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

‘मॅडम, तुम्हाला घर पसंत आहे?’

‘तिला पसंतच आहे,’ हे म्हणाले.

‘मी त्यांना विचारून राहिलो.’

मी घाबरून यांच्याकडे बघितलं. दादा म्हणाले, ‘तिकडं काहून बघता? स्वयंपाकघर तुम्ही वापरणार. ओटा ठेंगणा आहे. जाऊन बघून या, मग सांगा.’ मी गेले, बघितलं, ओटा खरंच ठेंगणा होता. तसं सांगितलं. दादांनी गवंडी बोलावून तो चार बोटं उंच करून दिला, आणि आमचे हे पुढे महिनाभर घरमालकाचा विषय निघाला की गप्प बसत.

दादांकडे पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर आधी त्यांच्या केसांवर जायची. पांढरे स्वच्छ केस, कमरेपर्यंत आलेले, मानेवर गाठ मारलेली. दाढी रोज घोटून, धोतर-सदरा इस्त्रीचा, पायात चकचकीत चपला, आणि वर हा असा जटाभार. लोक म्हणायचे, मन्नत आहे. पार्टीनं पुन्हा तिकीट दिल्याशिवाय कैची लावणार नाही अशी शपथ घेतली आहे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे तर दर निवडणुकीच्या आधी पैज लागायची की यंदा विधायकजींचे केस कापले जातात की नाही. एकदा मी धीर करून विचारलं, ‘दादा, हा नवस आहे का हो?’

‘नवस नाही,’ ते म्हणाले. ‘न्हाव्याची भीती वाटते.’

मी हसले. तेही हसले. मग मला म्हणाले, ‘तुमचं दूध उतू जाऊन राहिलं असेल वर.’ दूध गॅसवर नव्हतंच, पण मी वर गेले.

त्यांची राजकीय कारकीर्द मला पानवाल्यानंच सांगितली, कारण दादा स्वतः त्याबद्दल बोलायचे नाहीत. मोठे भाऊ आधी विधायक होते, जबलपुरातल्याच अधारताल भागातून. माणूस कामाचा होता, लोक त्यांना मानत. ते पदावर असतानाच एकाएकी गेले, भोपाळहून परत येताना गाडीतच. पोटनिवडणूक लागली. पार्टीनं दादांना उभं केलं आणि दादा इतक्या मतांनी निवडून आले की समोरच्याला मोजणी अर्ध्यावर सोडून घरी जावं लागलं. त्यानंतर मात्र उतारच उतार. पुढच्या निवडणुकीत थोडक्यात हरले. त्याच्या पुढच्या वेळी पार्टीनं तिकीटच दिलं नाही, अपक्ष उभे राहिले, अनामत रक्कम गेली. त्यापुढे प्रत्येक वेळी अपक्ष आणि प्रत्येक वेळी जमानत जब्त.

‘भोपालमें तीन साल बैठे, एक शब्द नहीं बोले,’ पानवाला म्हणाला. ‘एक बार खड़े हुए थे. सब ने मुड़ के देखा तो वापस बैठ गए. सगे भाई में और इनमें इतना फरक!’

माझ्या घरमालकाबद्दल असं चारचौघांत बोललं गेलं की मला उगीचच लाज वाटायची. मी पान न घेताच निघायची.

आम्ही तिथे राहत असतानाच विधानसभेची निवडणूक आली आणि दादा पुन्हा उभे राहिले. सिविल लाइंसमध्ये जाऊन अर्ज भरून आले. अपक्षांना चिन्ह वाटतात तेव्हा बाकीचे क्रिकेटची बॅट, ट्रॅक्टर असल्या दमदार चिन्हांसाठी भांडत होते. दादांनी मागितली कपबशी. ती दुसऱ्या कोणाला नकोच होती. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, ‘यंदाही कपबशीच मिळाली.’

वहिनी भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अच्छा. चहात साखर असू द्या म्हणावं या वेळी.’

दादांचा चेहरा पडला. त्यांच्यात काहीतरी जुनं चाललं होतं, पण ते काय हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

प्रचाराला एका रविवारी मला घेऊन गेले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सोबत असल्या तर बाया बाहेर येतील.’ स्कूटरच्या मागे बसून मी अधारतालला गेले. पुढे दादांची ती केसांची गाठ, हँडलला टांगलेली खरीखुरी कपबशी, आणि मागे मी. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. मी शिकवत होते त्या शाळेतली दोन मुलं दिसली, तेव्हा मी पदर डोक्यावरून चांगला नाकापर्यंत ओढला.

पहिल्याच घरी दारात एक गृहस्थ बनियनवर उभे होते. दादांना बघून हात जोडून म्हणाले, ‘अरे विधायकजी! हमारे घर में पाँच वोट हैं, पाँचों आपके.’

दुसरा कोणी उमेदवार असता तर आभार मानून पुढच्या दाराला गेला असता. दादा म्हणाले, ‘आपका तो एक ही है, भैया. भाभीजी को बुला दीजिए.’

‘वो क्या बोलेंगी! हम बोल दिए ना.’

दादा पायरीवर बसले. अगदी मांडी घालून. ‘बुलाइए. हम बैठे हैं.’

गृहस्थ हसले, मग वैतागले, मग आत गेले. आतून कुजबुज ऐकू आली. शेवटी घरधनीण आली, हाताला कणीक, डोळे खाली. दादा उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, ‘आपका वोट आप किसको देंगी? जो मन में हो वही कहिए. हमारा नाम लेना जरूरी नहीं है.’

बाई नवऱ्याकडे बघायला लागली. ‘उधर नहीं,’ दादा म्हणाले. शेजारच्या गच्चीवरून बाया बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मग त्या बाईनं एकदम मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, ‘आपको तो नहीं देंगे.’

दादांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. ‘धन्यवाद,’ ते म्हणाले, ‘बहुत-बहुत धन्यवाद,’ आणि दोन्ही हात कपाळाला लावले. परत स्कूटरशी आल्यावर मला म्हणाले, ‘कसं ठणकावून सांगितलं, पाहिलं ना?’ एका गल्लीला असा अख्खा दिवस लागायचा. दुसऱ्या उमेदवारांचे तेवढ्यात चार मोहल्ले करून व्हायचे. जमानत जप्त होणारच होती, झाली.

त्या दिवसानंतर आमच्या घरी एक फरक पडला. पार्टीची मंडळी जिना चढून वर आली आणि आमचे हे सवयीनं म्हणाले, ‘हमारे घर के दोनों वोट आपके.’ मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘एकच सांगा!’ हे अजून अधूनमधून त्यावरून मला दादांची चेली म्हणतात.

सगळा उलगडा झाला तो श्रीखंडापायी. वहिनींचं श्रीखंड म्हणजे मदन महलातल्या मराठी घरांत नावाजलेलं. पण दसऱ्याला, पाडव्याला जेवायला बसलं की दादा श्रीखंडाची वाटी हळूच ताटाबाहेर सरकवून ठेवायचे. मला वाटायचं, साखरेचा आजार असेल. एका पाडव्याच्या आदल्या दिवशी मी खाली मदतीला गेले, तर वहिनी दही फडक्यात बांधत होत्या. फडकं पांढरं, मऊसूत, उत्तम सुताचं. मी म्हटलं, ‘केवढं छान कापड आहे हो वहिनी. कुठून आणलं?’

‘हे?’ वहिनींनी फडक्याला गाठ मारली आणि नळाच्या तोटीला टांगलं. ‘ही माझी विधायकीची साडी आहे.’

आणि मग सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही.

‘यांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्टीवाले आले. आमच्याकडं रीतच आहे, गेलेल्याच्या बायकोला तिकीट द्यायचं. लोकांना दया येते, मतं पडतात. ते बाहेर बसले होते, मी चहा करून राहिली होती. त्यांच्यातला मोठा म्हणाला, भाभीजी से पूछ लीजिए. तर तुझे दादा बाहेरून म्हणाले, भाभी नहीं बोलेंगी, मैं हूँ ना. झालं. मग त्यालाच उभं केलं. आणि मला तीन पांढऱ्या साड्या आणून दिल्या. मी पांढरी कधी नेसली नव्हती गं, हे गेल्यावरही नाही. यांना आवडायचं नाही. पण प्रचाराला नेसवली. जीपमध्ये पुढं बसायचं, हात जोडायचे, तोंड उघडायचं नाही.’

‘आणि दादा?’

‘तो मागं उभा. डोकं भादरलेला. आम्हाला पोरबाळ नव्हतं, अग्नी त्यानंच दिला, त्यामुळं दहाव्याला केस काढले ते बरोबरच होतं. पण मतदान चार महिन्यांनी होतं. केस वर येऊ लागले की पार्टीवाले म्हणायचे, भैया, दुख दिखना चाहिए. मग दर सोमवारी न्हावी घरी यायचा. अंगणात पाट मांडून हा बसायचा आणि डोकं पुन्हा गुळगुळीत करून घ्यायचा. दुःख त्याला नव्हतं असं नाही. भावाच्या नावानं ढसाढसा रडताना मी त्याला पाहिलं आहे. पण सोमवारचं डोकं मतांसाठी होतं. निकाल लागला त्या दिवसापासून त्यानं न्हाव्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही.’

ज्या केसांवर गावानं पैजा लावल्या, मीही हसले, ते आठवून अंगाची आग आग झाली.

‘साड्या मी फाडल्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘कापड चांगलं होतं, टाकवेना. दही छान गळतं त्यातून.’

यानंतर थोड्याच दिवसांनी दादांनी मला जिन्यात गाठलं. हातात पाण्याची झारी होती आणि ती रिकामी होती.

‘मॅडम, एक काम होतं. तुम्ही बाया बाया बसता, बोलता. वहिनींना एक विचाराल?’

‘काय?’

‘त्या वेळी...’ ते थांबले. ‘त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? हो की नाही? एवढंच.’

‘तुम्हीच विचारा ना दादा. एकाच घरात राहता.’

‘रोज सकाळी उठून ठरवतो की आज विचारू. मग त्या चहा घेऊन येतात आणि माझं तोंड उघडत नाही. कोणत्या तोंडानं विचारू?’

विधानसभेत तीन वर्षं गप्प बसलेला माणूस घरात त्याहून किती अधिक वर्षं गप्प बसला होता, हे मला तेव्हा समजलं. मी हो म्हटलं.

वहिनी मेथी निवडत होत्या. मी समोर बसून चार काड्या निवडल्या आणि विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही. बहुधा त्या कधीपासून या प्रश्नाची वाट बघत होत्या.

‘हो म्हणणार होते,’ त्या म्हणाल्या. ‘हे भोपाळला असायचे तेव्हा इथं कोण होतं? बाया माझ्याकडं यायच्या. कोणत्या मोहल्ल्यात पाणी येत नाही, कोणाचा नवरा पितो, मला सगळं ठाऊक होतं. चहाचा ट्रे मी टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि बाहेर जायला निघाले. भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. सगळे म्हणतात, भाइयों और बहनों. मी म्हणणार होते, बहनों और भाइयों. पडद्यापर्यंत पोचले आणि याचा आवाज आला. मग काय, परत फिरले. गडबडीत चहात साखर घालायची राहिली. तसाच फिका चहा पिऊन गेले सगळे.’

‘त्यांना काय सांगू?’

वहिनींनी निवडलेली मेथी पाण्यात टाकली. ‘सांग, नाही म्हणाल्या असत्या. म्हणावं, त्यांना त्यातलं काही हवंच नव्हतं. म्हातारा झाला तो. आता काहून जाळायचं त्याला?’

मी बाहेर अंगणात गेले. दादा जास्वंदीजवळ उभे होते. मी म्हटलं, ‘त्या नाही म्हणाल्या असत्या. त्यांना तसलं काही नकोच होतं म्हणे.’

दादा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘अच्छा.’ आणि थोड्या वेळानं, ‘चलो.’

मला वाटलं, माझ्या हातून एक पुण्यकर्म झालं. एका माणसाच्या छातीवरचा दगड उतरवला. केस मात्र त्यांनी कापले नाहीत, तेव्हा मला थोडा रागच आला. मी एवढं धडधडीत खोटं बोलले, निदान न्हाव्याकडे तरी जायचं!

वहिनी गेल्या त्या ऐन उकाड्यात. फार आजारी नव्हत्या, आठवडाभर अंथरुणावर होत्या. शेवटच्या दिवशी नळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं की अर्ज कोणाकडे द्यायचा. दादा पायाशी बसून होते.

दहाव्याला ग्वारीघाटावर पुरुषमंडळी गेली. सगळ्यांच्या मनात एकच होतं, दादा केस देतात की नाही. आमच्या यांनी परत येऊन सांगितलं, ‘न्हावी वस्तरा घेऊन नुसता उभा होता. त्यालाही गावची गोष्ट ठाऊक. दादाच म्हणाले, काढ बाबा, आज काढायचेच आहेत. केस खाली पडत होते आणि दादा नर्मदेकडे बघत होते.’ घरी आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. इतकं लहान, इतकं गोरं डोकं. त्यांनी यांच्याकडे माकडटोपी मागितली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा माणूस लोकरीची टोपी कानांवर ओढून बसला. घाम टोपीखालून ओघळायचा, ते रुमालानं टिपायचे, पण टोपी निघाली नाही. तेराव्यालाही पंगतीत तशीच होती. पोरंटोरं खुदखुदली, मी त्यांना डोळे वटारले.

नगर निगमच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकापाशी जीप थांबली. पार्टीचा नवा उमेदवार, तरणाबांड, पांढराशुभ्र कुडता, सोबत चार माणसं. दादांच्या घरात आता बाईमाणूस नव्हतं, म्हणून चहा करायला मी खाली होते. कप भरून ट्रे उचलला आणि पडद्यापाशी आले तेव्हा बाहेरचं बोलणं ऐकू आलं.

‘विधायकजी, भाभीजी सबकी माँ जैसी थीं. आप बस दो घंटे जीप में हमारे साथ खड़े हो जाइए. बोलना कुछ नहीं है. और दादा... टोपी मत पहनिएगा. माताएँ-बहनें देखेंगी तो समझ जाएँगी.’

मी ट्रे हातात धरून तशीच थांबले. मला त्या पोराची इतकी किळस आली, आणि मग वाटलं, त्याला तरी काय म्हणायचं, आमच्याकडची रीतच ती. ज्या रीतीनं आम्ही सगळे इतकी वर्षं मतं देत आलो, तीच तो घेऊन आला होता. त्याला आमचं हेच ठाऊक होतं.

बाहेर दादा सवयीनं आत वळले. ‘वहिनी, तुमच्याकडे...’ एवढं बोलले आणि थांबले. मग पडदा सारून आत आले. समोर मी उभी, ट्रे घेऊन. माझ्याकडे बघून ते दचकले. बराच वेळ त्या ट्रेकडे बघत राहिले.

‘तुम्ही मला त्या दिवशी खोटं सांगितलं,’ ते हळूच म्हणाले.

माझी मान खाली गेली. ‘त्यांनीच सांगायला सांगितलं होतं.’

‘माहीत आहे. हा पडदा तेव्हा आखूड होता, मॅडम. खालून त्यांचे पाय दिसत होते. आधी ट्रे ठेवल्याचा आवाज आला, मग पाय दिसले. त्या बाहेर येऊन राहिल्या होत्या. ते पाहिलं, म्हणून तर मी घाईनं बोललो. अजून थोडं थांबलो असतो तर त्या बोलल्या असत्या.’

कपांवर साय धरायला लागली होती. मी विचारलं, ‘सगळं ठाऊक होतं, मग मला कशाला विचारायला लावलं?’

‘वाटलं, तुमच्याजवळ तरी रागावतील. एकदा तरी कोणाजवळ म्हणतील की यानं माझं होतं ते घेतलं.’ त्यांनी टोपीखालचा घाम पुसला. ‘त्यांनी तेही नाही म्हटलं. तिथंही मलाच सांभाळलं.’

पुण्यकर्म केलं म्हणून मिरवत होते मी मनातल्या मनात, आणि या माणसाला हवं असलेलं एकुलतं एक वाक्य मी वरच्या वर गिळून टाकलं होतं. लाजेनं मला त्यांच्याकडे बघवेना.

बाहेरून त्या तरुणाचा आवाज आला, ‘विधायकजी, चलें? लोग इंतजार कर रहे हैं.’

दादांनी टोपी दोन्ही कानांवर नीट खाली ओढली आणि पडदा सारून बाहेर गेले. मी पडद्यामागून बघत होते. त्यांनी त्या पोरासमोर हात जोडले, अगदी अधारतालच्या त्या बाईसमोर जोडले होते तसे.

‘भैया,’ ते म्हणाले, ‘विधायकजी नहीं रहीं. कल उनकी तेरहवीं हो गई.’